साखळीवरच्या लाल चिंध्या

आमच्या बोळाच्या तोंडाशी लावलेली पाटी पोलिसांनी जप्त केली, त्या दिवशी माझे पित्त खवळले ते अजून पुरते शांत झालेले नाही. पाटीवर लिहिले होते: ‘येथे लावलेल्या गाडीची व गाडीमालकाच्या हाडांची मोडतोड विनामूल्य करून मिळेल.’ अक्षर माझ्या भावाचे, मजकूर माझा. दादा शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला, त्यामुळे अक्षर असे की थांबून बघावे. मजकुराचे मात्र कौतुक नको. सदाशिव पेठेत जन्म काढलेल्या माणसाला असला मजकूर सुचायला चहा उकळण्याइतका वेळ पुरतो. लोक थांबत, फोटो काढत, हसत, आणि हसून झाले की तिथेच गाडी लावून निघून जात. पाच वर्षांत ती पाटी वाचून कोणी सायकलसुद्धा हलवली नव्हती. आणि फौजदार म्हणाले, यावरून तुमच्या भावाचा उद्देश स्पष्ट दिसतो.

उद्देश हा शब्द मी एकतीस वर्षे टाइप केला. सेशन्स कोर्टात मी स्टेनो होते. साहेब सांगत, मी लिहून घेत असे. आरोपीच्या मनात शिरून पाहता येत नाही, तेव्हा त्याने काय केले, काय बोलला, हातात काय होते, घाव कुठे घातला यावरून त्याचा उद्देश ताडावा लागतो, हे मी इतक्या साहेबांच्या तोंडून ऐकले की त्यांनी सुरुवात केली की माझी बोटे पुढचे आपणहून उरकत. एक वयस्कर साहेब होते. मधल्या सुटीत डबा खाताना त्यांना शिकवण्याची हौस येई. म्हणायचे, माणूस एखादी गोष्ट का करतो तो हेतू, काय घडावे म्हणून करतो तो उद्देश, आणि काय घडेल हे माहीत असूनही करतो ती जाणीव. हेतू कितीही चांगला असला तरी उद्देशातून सुटका नाही. मी मान डोलवत असे आणि भाजी-पोळी खात असे. नवा कायदा आला, कलमांचे आकडे बदलले, पण हे शब्द जिथल्या तिथे राहिले. ते आपल्या घरात येतील असे माझ्या कधी डोक्यातही आले नाही. आपण टेबलाच्या या बाजूचे, असा एक मूर्ख विश्वास होता.

आमची इमारत लहान आहे. तळमजल्यावर दादा, पहिल्या मजल्यावर मी. मी लग्न केले नाही आणि वहिनी गेल्यापासून दादाही एकटाच, त्यामुळे दोन्ही वेळचे जेवण माझ्याकडे. रस्त्यापासून इमारतीपर्यंत एक बोळ येतो. तो आमच्या मालकीचा आहे, पण हे आमच्याखेरीज कोणाला मान्य नाही. समोर अभ्यासिका आहे. गावोगावची मुले-मुली स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करायला तिथे सकाळी सहापासून येऊन बसतात, आणि त्यांच्या गाड्या कुठे लावायच्या हा विचार अभ्यासिका काढणाऱ्याने केलेला नाही, परवानगी देणाऱ्यानेही केलेला नाही. तो विचार त्यांनी आमच्या बोळावर सोपवला.

गेल्या वर्षाच्या सुरुवातीला एके दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला वहिनीच्या छातीत दुखायला लागले. रुग्णवाहिका लगेच आली, पण बोळाच्या तोंडाशी अडली. अकरा गाड्या, सगळ्यांची हँडले लॉक केलेली. दादाने आणि रुग्णवाहिकेतल्या दोन माणसांनी एकेक गाडी उचलून बाजूला ठेवली. वहिनी आत खुर्चीवर बसून घामाने भिजत होती आणि मला म्हणत होती, अहो वन्सं, गॅसवर दूध आहे. तिसऱ्या दिवशी ती गेली. दादाने डॉक्टरांना विचारले, अर्धा तास आधी आणली असती तर? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. त्या तीन शब्दांनी दादाला पार पोखरले. नाही म्हणाले असते तर बरे झाले असते.

तेराव्यानंतर त्याने जाड लोखंडी साखळी आणली, बोळाच्या दोन्ही बाजूंच्या खांबांना कड्या बसवल्या आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर ती साखळी अडकवून टाकली. रिक्षा आत आणायची असेल तेव्हा काढायची, पुन्हा अडकवायची. साखळी काळी, बोळात अंधार, म्हणून कोणी अडखळू नये यासाठी त्याने तिच्यावर तीन ठिकाणी लाल चिंध्या बांधल्या. लांबूनसुद्धा दिसत. वर्षभर कोणाला काही झाले नाही. गाड्या रस्त्यावर उभ्या राहू लागल्या आणि आमच्या नावाने बोटे मोडली जाऊ लागली, पण बोळ मोकळा राहिला.

या जानेवारीत एका दुपारी मी औषध आणून परत येत होते. एका चिंधीची गाठ सुटली होती आणि ती उलगडून लोंबत होती. मी जवळ गेले तर तिला नेफा होता, नेफ्यातून नाडीचा तुकडा बाहेर आलेला. मला तेव्हा ओळख पटली. वहिनी हळदीकुंकवाला डाळिंबी साडी नेसायची, तिच्याखालचा परकर. दादाला चिंध्या हव्या होत्या, त्याने कपाट उघडून हाताला लागेल ते लाल कापड फाडले होते. पुरुषांना त्यात काही वाटत नाही. मला मात्र भर रस्त्यात कोणी माझेच वस्त्र फेडल्यासारखे झाले. वर्षभर आमच्या घरातल्या गेलेल्या बाईचा परकर येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसत होता, आणि मी रोज त्याच्यावरून पाय उचलून जात होते.

मी तिन्ही चिंध्या सोडल्या. दादा जेवून झोपला होता. त्याला उठवून सांगायचे काय? संध्याकाळी चमकणारी लाल पट्टी आणून लावू, असे मनाशी म्हटले. चिंध्यांवर धूळ बसली होती, म्हणून त्या धुतल्या आणि मागच्या दोरीवर वाळत घातल्या. कचऱ्यात टाकायला हात झाला नाही. संध्याकाळी पट्टी आणायला मी गेले नाही. पाय दुखत होते, भाजी घरात होती, बाहेर पडायचे दुसरे काही कारण नव्हते. याला कोणी काही नाव द्यावे.

पावणेसातच्या सुमाराला धाडकन आवाज आला.

मी जिना उतरून पोचेपर्यंत दादा तिथे होता. अभ्यासिकेत येणारी एक मुलगी स्कूटरसकट आमच्या बोळात आडवी पडलेली, पाठीवरची सॅक तशीच, उजवे मनगट नको त्या बाजूला वळलेले. रस्त्यात समोरून टेम्पो आला, म्हणून तिने बाजूला व्हायला गाडी बोळात घातली आणि पुढचे चाक साखळीत गेले. दादाने तिला भिंतीला टेकवून बसवले, घरातून आपली लाकडी फूटपट्टी आणि उपरणे आणले, पट्टी हाताखाली धरून उपरण्याने मनगट बांधले. चाळीस वर्षे वर्गात वापरलेली ती पट्टी होती. रिक्षाने तो तिच्याबरोबर दवाखान्यात गेला आणि तिच्या मैत्रिणी येईपर्यंत तिथे बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस आले. पाटी पाहिली. फौजदारांनी ती मोठ्याने वाचली, आणि दोन पंचांपैकी एकाला हसू आवरेना. मग साखळीची उंची मोजली. दादा म्हणाला, “साहेब, हिच्यावर लाल चिंध्या बांधलेल्या होत्या.”

“कुठे आहेत?” फौजदारांनी विचारले.

मी दारात उभी होते. चिंध्या वर, माझ्या कपाटात, घडी करून ठेवलेल्या. तोंड उघडून चार शब्द बोलायचे होते. मी उभीच राहिले.

दादाने साखळीकडे पाहिले, मग खाली पाहिले. “पडल्या असतील,” तो म्हणाला.

फौजदार हसले. त्यांना तो थापा मारणारा म्हातारा वाटला असणार. पंचनाम्यात लिहिले गेले, साखळीवर कोणतीही खूण नाही. पाटी सोडवून कागदात गुंडाळून नेली. फूटपट्टीबद्दल कोणी विचारले नाही. ती दवाखान्यात राहिली ती राहिलीच. माझा संताप तिथून सुरू होतो. माणसाचे मन त्याच्या करणीवरून ओळखायचे म्हणता ना? मग मोडलेला हात ज्याने बांधला त्याची करणी कुठे गेली? पाच वर्षांपूर्वीची थट्टा तेवढी दिसली.

चार दिवसांनी फिर्यादीची नक्कल हाती आली. ‘आरोपीने जाणूनबुजून, गंभीर दुखापत करण्याच्या उद्देशाने, कोणाच्या लक्षात येऊ नये अशा रीतीने साखळी बांधून’ वगैरे. ही भाषा त्या मुलीची नाही, हे मला पहिल्या ओळीलाच कळले. चोवीस वर्षांची, दवाखान्यात हाताला कळा लागलेली मुलगी असे बोलत नाही. ही चौकीतल्या लिहिणाऱ्या हवालदाराची भाषा. त्याच्याकडे जाणूनबुजूनचा साचा तयार असतो. मारामारी असो, शेजाऱ्याने पाणी टाकलेले असो, तो साचा पुढे ओढतो आणि नावे भरतो. मी अशा शेकडो फिर्यादी हाताळल्या होत्या. तेव्हा त्यात मला काही वावगे वाटले नव्हते, हेही इथे सांगून टाकते.

दादाला अटक केली नाही, पण दर दोन दिवसांनी चौकीत बोलावत आणि बाकावर बसवून ठेवत. तो इस्त्रीचा शर्ट घालून जाई. परत आला की जेवायला वर येई आणि ताटाकडे बघत बसे. एकदा म्हणाला, “कलम काय लावायचं ते लावू देत. मी मुद्दाम त्या पोरीचा हात मोडला, असं तेवढं कागदावर राहायला नको.” बाहत्तर वर्षांच्या माणसाची मागणी एवढीच होती. चाळीस वर्षे मुलांच्या हातात ब्रश धरायला शिकवण्यात गेली होती त्याची.

आणि मी गप्प होते.

वकील आमच्या ओळखीचे, माझ्या नोकरीच्या काळापासूनचे. घरी आले, कागद चाळले. म्हणाले, “मुलगी वेगात होती, मोबाईल कानाला होता, असं घेऊ.”

“नव्हता,” दादा म्हणाला.

“तुम्हाला काय माहीत?”

“मी उचललं तिला. फोन सॅकेत वाजत होता.”

वकिलांनी माझ्याकडे पाहिले, म्हणजे यांना जरा समजवा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पडलेल्या मुलीच्या कानाला फोन चिकटवायला यांना काहीच वाटत नव्हते. मी म्हटले, “दुसरं काही असेल तर बोला.”

“दुसरं म्हणजे त्या चिंध्या,” ते म्हणाले. “खूण बांधली होती हे दाखवता आलं, तर मुद्दाम केल्याचा मुद्दा उडतो. ज्याला पाडायचं असतं तो खूण बांधत नाही. मग राहतो फक्त निष्काळजीपणा. पण चिंध्या हव्यात, किंवा त्या पाहिलेला साक्षीदार हवा. हवेत उडाल्या म्हणून चालत नाही.”

मी चहाचे कप उचलून आत गेले.

का गप्प होते, याची मी मनाशी बरीच कारणे तयार केली होती. सांगितले तर मलाच आरोपी करतील. वहिनीचा परकर पंचनाम्यात येईल. कोर्टातले जुने लोक हसतील. त्यापेक्षा दोष अभ्यासिकेचा, महानगरपालिकेचा, टेम्पोवाल्याचा, बोळातला दिवा महिनाभर न बदलणाऱ्यांचा. या प्रत्येकावर मी मनातल्या मनात खटला चालवला आणि प्रत्येकाला शिक्षा ठोठावली. दिवसभर संतापलेले राहायचे हा एक चांगला उद्योग आहे. त्यात स्वतःकडे बघायला सवड मिळत नाही.

जाताना वकील मला जिन्यात म्हणाले होते, “तुम्ही बाईमाणूस आहात. जाऊन भेटा तिला. थोडी नरमली तर पाहा.” म्हणून पंधराव्या दिवशी मी गेले. बरोबर डबा घेतला, मऊ भात आणि मेतकूट, डाव्या हाताने चमच्याने खाता येईल असे. डबा भरताना मला स्वतःची लाज वाटत होती. भात खरोखर तिला खाता यावा म्हणून मऊ केला होता, आणि तिने फिर्याद सैल करावी म्हणूनही केला होता. दोन्ही एकाच डब्यात होते, आणि कुठले किती, हे मलासुद्धा सांगता आले नसते. साहेब लोक हे कागदावरून ठरवतात.

दोन गल्ल्या पलीकडे एका जुन्या इमारतीत तिची खोली होती, चार कॉट, चार कपाटे, भिंतीवर भारताचा नकाशा. मुलगी यवतमाळकडची. हात गळ्यात अडकवलेला. मी कोण हे सांगितल्यावर तिने दार लावून घेतले नाही, हेच मला जड गेले. “बसा ना काकू,” म्हणाली.

परीक्षेचे विचारले. लेखी परीक्षा पंधरवड्यावर आली होती आणि प्लास्टर सहा आठवड्यांचे. “या वर्षीचं तर गेलं,” ती म्हणाली. “घरी अजून सांगितलं नाही. बाबांनी म्हटलं होतं, शेवटचं वर्ष.” मग बराच वेळ ती डब्याच्या झाकणाशी डाव्या हाताने चाळा करत राहिली. “हाताचं जाऊ द्या, काकू. तो जुळून राहिला. मला एकच सांगा. आजोबांनी मुद्दाम केलं का?”

“तू फिर्यादीत तसं म्हटलं आहेस,” मी म्हणाले. माझा आवाज कोर्टातला होता.

“तेव्हा मले तसंच वाटलं,” ती म्हणाली. रडू येऊ लागले तसे तिचे बोलणे तिच्या गावाकडे वळले. “मी रोज तिथूनच जाते ना. रोज लाल चिंध्या दिसायच्या. टेम्पो आला की मी तिकडं बघायची, लाल दिसलं की थांबायची. त्या दिवशी लाल नव्हतं. मले वाटलं, आज साखळी काढून ठेवली. म्हणून गाडी आत टाकली. साखळी तशीच अन् चिंध्या तेवढ्या काढल्या. असं आपोआप होते का? कोणी तरी काढल्याच ना त्या? काहून काढल्या? आजोबांनी एकदा माझी नकाशाची पेन्सिल ब्लेडनं तासून दिली होती. त्यांनी असं काहून करावं?”

हे तिने हवालदारालाही सांगितले होते. त्याने त्याचे ‘कोणाच्या लक्षात येऊ नये अशा रीतीने’ करून टाकले होते. वकिलांना हवा असलेला साक्षीदार, चिंध्या रोज पाहिलेला साक्षीदार, ती स्वतःच होती. आणि दादा दोषी आहे हे तिने ज्या एका गोष्टीवरून ठरवले, ती गोष्ट मी केली होती.

“मी काढल्या,” मी म्हटले.

झाकणावरचा तिचा हात थांबला.

“त्या माझ्या वहिनीच्या परकराच्या होत्या. रस्त्यावर लोंबताना बघून मला लाज वाटली. संध्याकाळी दुसरी पट्टी लावणार होते, लावली नाही. दादाला यातलं काही ठाऊक नव्हतं.”

मला वाटले होते, ती चिडेल. तिने डोळे पुसले आणि मोठा श्वास सोडला, जणू प्लास्टर जरा सैल झाले. “म्हणजे आजोबांनी नाही केलं,” ती म्हणाली. मग, अगदी सरळ, “पण काकू, पोलीस आले तेव्हा तुम्ही होत्या ना? तेव्हाच काहून नाही बोलल्या?”

डबा तिथेच ठेवून मी उठले.

चिंध्या सोडताना माझ्या मनात कोणाला पाडायचे नव्हते. कोणी पडेल हेही डोक्यात आले नव्हते. यायला हवे होते, पण आले नव्हते. उद्देश नाही, जाणीव नाही, उरली ती हयगय. त्यातून मी सुटले असते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभी राहून मी गप्प बसले, तेव्हा मला सगळे माहीत होते. माझ्या गप्प राहण्याने दादावर काय येईल हेही माहीत होते, कारण ते मी एकतीस वर्षे टाइप केले होते. या सगळ्या प्रकरणात ठरवून केलेली गोष्ट एकच होती आणि ती माझी होती. पंधरा दिवस मी जगावर संतापत होते ते यासाठी.

घरी आले तर दादा व्हरांड्यात बसला होता. मी उभ्या उभ्या सांगितले. त्याने पेपर खाली ठेवला.

“माहीत आहे,” तो म्हणाला. “त्या दिवशी दवाखान्यातून आलो तेव्हा मागच्या दोरीवर वाळत होत्या.”

“मग फौजदारांना का नाही सांगितलंस?”

“तू दारातच होतीस.”

“मला तरी विचारायचं होतंस.”

त्याने खाली ठेवलेल्या पेपरची घडी घातली. मग म्हणाला, “काढताना तुझ्या मनात काही नव्हतं, ते मला ठाऊक होतं. नंतर काय होतं ते ठाऊक नव्हतं. म्हणून विचारलं नाही.”

तो रागावला असता तर मी भांडले असते. भांडणे मला चांगले जमते. मी वर जाऊन कपाटातून चिंध्या काढल्या आणि पिशवीत घातल्या. त्या रात्री दादा वर जेवायला आला तेव्हा ती पिशवी दारापाशी ठेवलेली होती.

सकाळी दोघे चौकीत गेलो. फौजदारांनी चिंध्या टेबलावर ठेवल्या, हवालदार संगणकासमोर बसला. दादा मागे बाकावर. मी क्रमाने सांगत गेले. कशाच्या होत्या, कोणाच्या, कधी सोडल्या, का सोडल्या, धुवून कुठे ठेवल्या. हवालदार ‘परकर’ लिहिताना जरासा अडखळला, पण त्याने लिहिले.

“मग इतके दिवस का नाही सांगितलंत, मॅडम?” फौजदारांनी विचारले.

मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात हवालदार माझ्या मदतीला आला. चांगला माणूस होता. म्हणाला, “मॅडम, ‘नजरचुकीने सांगायचे राहून गेले’ असं टाकतो. वय झालं की होतं.”

“नजरचूक नाही,” मी म्हटले. “माझ्या लक्षात होतं. मी जाणूनबुजून सांगितलं नाही, असं लिहा.”

“अहो, कशाला अंगावर ओढून घेता?”

“त्या मुलीला न विचारता तुम्ही तिच्या तोंडी जाणूनबुजून घातलंत. आता मी स्वतःच्या तोंडाने म्हणतेय, तर लिहायला जड जातंय?”

फौजदारांनी त्याला खूण केली. त्याने लिहिले. असल्या जबाबावर सही घेत नाहीत, वाचून दाखवतात. त्याने वाचून दाखवला, त्यात एक शब्दही बदलायचा नव्हता. मी बरोबर आहे म्हणाले. मुलीचाही जबाब पुन्हा घेतला गेला. पुढे आरोपपत्रातून उद्देश गेला आणि निष्काळजीपणा राहिला. दादाला तो मान्यच होता. गुडघ्याएवढ्या उंचीची काळी साखळी बांधायला नको होती, असे तो वकिलांच्या देखत म्हणाला आणि वकिलांनी कपाळाला हात लावला. मुलीचे वर्ष गेले ते गेले. ते कोणाच्या कलमात बसत नाही. ती अजून समोर अभ्यासाला येते आणि दादा तिच्यासाठी पेन्सिली तासून ठेवतो. माझ्याशी ती बोलते, पण मोजके.

त्या सकाळी मात्र यातले काही ठरलेले नव्हते. चौकीच्या पायऱ्या उतरताना दादाने माझा दंड धरला. रस्ता ओलांडल्यावर त्याने तो सोडला.

“परकराचं नसतं सांगितलंस तरी चाललं असतं,” तो म्हणाला.

“मग का काढल्या, ते त्यांना कसं कळलं असतं?”

“मला कळलं होतं,” दादा म्हणाला, आणि माझ्या हातातली रिकामी पिशवी घेऊन घडी करून त्याने खिशात ठेवली.